पहिल्या ओळीतली चौथी खळगी

स्कोप्ये, ११ फेब्रुवारी २०१८

नेवेना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत घातलं नसशील असं धरून लिहिते. लुब्लियानाच्या भाड्याच्या खोलीत चूल नसतेच म्हणा. तू फोनवर माझा नंबर बंद केलास त्याला सव्वा वर्ष झालं. पत्राचं एक बरं असतं, ते दाराखालून आत येतं आणि पडून राहतं.

काल मृतांचा शनिवार होता. सकाळची बितोलाची बस धरून मी गावी गेले. उकडलेले गहू नेले, पालकाची पिटा नेली. तुझ्या बाबांनी थडग्यावर वाईन ओतली आणि मग बाटलीत उरलेली स्वतः प्यायले. पेत्काना असती तर म्हणाली असती, "त्रप्को, माझ्या वाट्याची कमी ओतलीस." तुझ्या आईला सगळं मोजून लागायचं. माझी सख्खी मोठी बहीण, आणि मोजण्याचा धंदा मात्र मी घेतला.

पिटा खाताखाता बाबा म्हणाले, "नेवेनाला संध्याकाळचा ताप येतो म्हणे. कंबर धरते. पहाटे उशी भिजलेली असते. बेकरीत पिठाची पोती उचलते, दुसरं काय होणार."

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुला काय करायचंय, दाफिना? तू काय डॉक्टर आहेस? तू पाण्यात रंग बघणारी."

तेवढ्यात पाद्री प्रार्थना म्हणत आले.

तर एवढंच सांगायचं होतं. डॉक्टरकडे जा आणि माल्टा तापाची तपासणी करा असं नाव घेऊन सांग. शेळ्यामेंढ्यांच्या घरात वाढलेय हेही सांग. तिकडच्या डॉक्टरांना हा ताप सहसा सुचत नाही. मी आपलं उगाच सांगते, काळजीचं काही नाही.

मावशी

*

स्कोप्ये, २० फेब्रुवारी २०१८

नेवेना,

उत्तराची अपेक्षा नव्हती, तरी रोज पेटी उघडून बघते.

मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. "उगाच सांगते" असं लिहिलं ते खोटं. उगाच सांगणारी बाई सव्वा वर्षाच्या अबोल्यानंतर पत्र लिहीत नाही.

तुझ्या बाबांच्या त्या चार पांढऱ्या शेळ्या आठवतात? २०१४ च्या वसंतात आल्या होत्या. कानात बिल्ला नव्हता एकीच्याही. डोंगरापलीकडून आणल्या, पशुवैद्याला दाखवल्या नाहीत. तू तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतीस आणि एकीचं नाव तू राजकन्या ठेवलं होतंस. त्यातल्या दोघी दिवस भरायच्या आत व्याल्या, पिल्लं मेलेली. बाबांनी ती भिंतीमागे पुरली आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरकारी माणसं येऊन सगळा कळप मारून गेली असती. आईनं हातानं त्या शेळ्यांना सोडवलं, हातमोजे बितमोजे काही नाही. नंतर त्याच शेळ्यांच्या दुधाचं चीज तू आणि आईनं खाल्लं. माल्टा ताप असाच येतो.

हे सगळं मला बाबांनी गेल्या वर्षी दारूच्या नशेत सांगितलं आणि रडले. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. हे पत्र लिहायला बसले तेव्हाही मनात हेच होतं, की सगळं त्यांच्या नावावर लिहावं आणि मोकळं व्हावं. चार शेळ्या, एक हट्टी माणूस, आणि गोष्ट संपली.

डॉक्टरकडे गेलीस का?

मावशी

*

स्कोप्ये, ४ मार्च २०१८

नेवेना,

तुझा निरोप बाबांनी फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवला. "मावशीला सांगा, माझ्याकडे कागद आहे. जून २०१६. माल्टा ताप नाही, असं लिहिलंय आणि खाली तिचीच सही आहे. डॉक्टरलाही तोच दाखवला, त्यानं मान डोलावली. आता ती म्हणते काय, सही खोटी?"

मी बाबांना तो निरोप पुन्हा एकदा वाचायला लावला.

सही खरी आहे. कागद खोटा आहे.

तो कागद डॉक्टरकडून परत माग आणि फाड. हे एवढं आधी कर, बाकीचं नंतर वाच.

आता मला माझं काम तुला सांगावं लागेल. इतकी वर्षं "पाण्यात रंग बघते" यावर भागवलं. त्या तापाचा जंतू घातक असतो, त्याला हाताळणं धोक्याचं. म्हणून आम्ही त्याला मारून त्याच्यातलं एकच जनुक काढतो आणि आतड्यातल्या एका साध्या जंतूच्या पोटात बसवतो. तो साधा जंतू गरीब असतो. फ्लास्कात ऊब दिली, खायला दिलं की एका रात्रीत वाढतो आणि परक्या जनुकाप्रमाणे परकं प्रथिन बनवत बसतो. मग त्याला फोडायचं, ते प्रथिन धुऊन शुद्ध करायचं आणि प्लास्टिकच्या प्लेटवरच्या शहाण्णव खळग्यांत चिकटवायचं. वरून माणसाच्या रक्ताचं निवळ पाणी टाकायचं. ज्याच्या अंगात तो जंतू शिरला आहे त्याचं रक्त त्या प्रथिनाला धरतं आणि शेवटी खळगी पिवळी होते. जितकी ओळख जुनी तितका रंग गडद.

पण थोडासा रंग सगळ्यांच्याच रक्तात येतो. म्हणून कुठेतरी रेघ ओढावी लागते. रेघेवरचा रोगी, खालचा निरोगी. आणि रेघ ओढायची तर आधी खात्रीची निरोगी माणसं लागतात. ती कुठून आणायची? कागदोपत्री रक्तदात्यांचं रक्त मागवायचं म्हणजे अर्ज, शिक्के, सहा महिने. आमच्याकडे रीत अशी पडली होती, की प्रत्येकानं घरच्या दोघातिघांचं रक्त आणायचं. द्रितानं तेतोवोहून आपल्या सासूचं आणलं. तुला द्रिता आठवते, आईच्या अंत्यविधीला काळा रुमाल बांधून आली होती आणि कोणाशी बोलली नाही. प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर ती बारा वर्षं आहे. आमच्या साहेबांनी सुनेचं आणलं. असे दहा जण जमवले.

आज इथेच थांबते. हात दुखतो असं लिहिणार होते. हात दुखत नाही.

मावशी

*

स्कोप्ये, १२ मार्च २०१८

नेवेना,

हे पत्र पोचायला आठवडा जाईल म्हणून सकाळी बाबांना फोन करून तुझ्या तापाचं आणि माझ्या चुकलेल्या रेघेचं सांगितलं आहे. ते तुला कळवतीलच. पण त्यांच्या तोंडून अर्धं येईल, आणि अर्ध्या गोष्टीनंच आपल्या घराचा घात केला.

त्या दहा निरोगी माणसांतली चौथी तुझी आई होती.

ऑक्टोबर २०१४, तिच्या नावाचा सण, सेंट पेत्काचा दिवस. ती स्कोप्येला माझ्याकडे आली होती. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं बाही वर केली आणि म्हणाली, "घे ग, माझं रक्त त्रप्कोच्या घरगुती राकिया दारूपेक्षा स्वच्छ आहे." मी नळीवर लिहिलं, नि-४. नि म्हणजे निरोगी. मग ती म्हणाली, "हल्ली रात्री घाम येतो, गुडघे धरतात." मी म्हटलं, "पन्नाशी आली, दुसरं काय होणार." आणि दोघी हसलो.

प्लेटवर बाकीच्या नऊ जणांचा रंग नावापुरता, शंभरातले आठनऊ म्हण. आईची खळगी एकसष्ट. पिवळी, अगदी उघड पिवळी.

द्रिता म्हणाली, "ताई, ही चौथी एकतर काढून टाक, नाहीतर या बाईला डॉक्टरकडे पाठव."

मी म्हटलं, "ही बाई माझी बहीण आहे. बैल आजारी पडेल पण पेत्काना पडणार नाही. आपलं प्रथिन शुद्ध नाही, त्या आतड्यातल्या जंतूचा गाळ राहिलाय. तो तर सगळ्यांच्या पोटात असतो, त्यालाच तिचं रक्त धरतंय."

असं होतं खरं, नेवेना. आमच्या धंद्यात प्रत्येकजण आधी गाळावर संशय घेतो. मी तीन आठवडे ते प्रथिन धूतधूत बसले. एकसष्टाचे एकोणसाठ झाले, पुन्हा एकसष्ट झाले. शेवटी मी ठरवलं की निरोगी माणसाचा रंग एवढाही असू शकतो. दहाही जण धरून गणित केलं आणि रेघ आली त्रेसष्टावर. आता मला शाळेतल्या पोरालाही समजेल असं दिसतं, की दहांत एकच वेगळा असला तर तो स्वतःच रेघेला ओढून आपल्या डोक्यावर नेतो. तेव्हा दिसलं नाही. मी देशभरासाठी रेघ ओढली आणि ती माझ्या आजारी बहिणीच्या डोक्यावरून ओढली.

दीड वर्षानं तिला उघड ताप यायला लागला तेव्हा मीच म्हटलं, माझ्याकडे तपासू. घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं, तुझंही. आई साठ, तू अठ्ठेचाळीस, दोघी रेघेखाली. बाबा नऊ. त्या माणसाला चीज आवडतच नाही. मी तीन कागदांवर सही केली. त्या कागदाच्या भरवशावर डॉक्टर चार महिने सांधेदुखीचं औषध देत राहिले. तू दवाखान्यात मला म्हणालीस, "मावशी, तिला काहीतरी आहे, पुन्हा बघ ना." आणि मी म्हटलं, "आकडे खोटं बोलत नाहीत, बाळा." त्या वाक्यासाठी तू माझं तोंड बघणं सोडलंस. तुला फक्त ते वाक्य माहीत होतं.

आता जे तुला माहीत नाही ते. तिच्या हृदयाच्या झडपेचा तुकडा शेवटच्या ऑपरेशनच्या वेळी काढला होता. त्यावर जे उगवलं ते ओळखायला आमच्याकडेच पाठवलं, कारण देशात हे काम आमच्याकडेच होतं. अंत्यविधीनंतर अकराव्या दिवशी ते पाकीट माझ्या टेबलावर आलं. मी ओळखलं. जनुक अक्षराअक्षरानं वाचून पाहिलं, तर जे मी इतकी वर्षं फ्लास्कात वाढवत होते तेच. अहवाल लिहून हॉस्पिटलला पाठवला. तिकडे फाईल बंद झालेली होती, कुणी तुम्हाला कळवलं नाही. मीही नाही. मी स्वतःला सांगितलं, जूननंतर लागण झाली असेल, तपासणी तेव्हा बरोबरच होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी दांडाही झाले आणि धारही.

ती नि-४ मी काढली नाही. द्रितानं दोनदा विचारलं, मी म्हटलं, बहिणीची आठवण आहे, राहू दे. प्रत्येक प्लेटवर निरोगी रक्ताचे थेंब टाकावेच लागतात, म्हणून दर मंगळवारी मी तिच्या नळीतला एक थेंब काढते. पहिल्या ओळीतली चौथी खळगी. सगळ्या निरोगी खळग्या पांढऱ्या असतात आणि तिची पिवळी. मेल्यावर सव्वा वर्ष ती दर मंगळवारी त्याच जागी बसून एकच गोष्ट सांगत होती, आणि मी आकडा लिहून प्लेट कचऱ्यात टाकत होते. कधीकधी मी तिच्याशी बोलायचे. "आलीस का, बस," असं. मला त्याची भीती वाटायची नाही, बरं वाटायचं. भीती आता वाटते.

अजून एक राहिलं. त्या सणाच्या दिवशी तिनं माझ्यासाठी ताजं चीज आणलं होतं, त्याच पांढऱ्या शेळ्यांचं. मी ते तोंडाला लावलं नाही. दूध न उकळता केलेलं चीज मी कुणाच्या घरचं खात नाही, धंद्यानं लावलेली सवय. ती चिडवत म्हणाली, "एवढी शिकली आणि बहिणीच्या हातचं खाईना." पाच मिनिटांनी मी तिचं रक्त निरोगी म्हणून घेतलं. म्हणजे माझ्या जिभेला ठाऊक होतं, नेवेना. मला ठाऊक नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

काल रविवारी एकटी जाऊन मी नि-४ वगळून गणित केलं. रेघ पंधरावर आली. तुझे अठ्ठेचाळीस जिथे होते तिथेच आहेत.

तुला तो ताप आहे. निदान पावणेदोन वर्षांपासून, कदाचित चार वर्षांपासून. आईचा तो हृदयापर्यंत गेला, तुझा अजून गेला नसेल. औषध आहे, साध्या गोळ्यांचं आहे. आजच जा. पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशीच मला हे कळलं होतं. एक महिना मी तुझ्या तापाला माझ्या अब्रूसाठी ताटकळत ठेवलं. माफी मागत नाही, ती मागण्याइतकी लायकी नाही. फक्त जा.

मावशी

*

स्कोप्ये, ३ एप्रिल २०१८

नेवेना,

बाबा सांगतात तू दवाखान्यात आहेस आणि हृदय तपासलं. त्यापुढे ते काही सांगत नाहीत. मी विचारतही नाही, तुझ्याबद्दल विचारायचा माझा हक्क उरलेला नाही. तरी फोन वाजला की हातातलं टाकून धावते.

मी सगळं लिहून साहेबांकडे दिलं. ते वाचून म्हणाले, "दाफिना, एक नळी बदलू, रेघ सुधारू आणि पुढे जाऊ. जुनं उकरून काय मिळणार?"

द्रिता दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या सुनेचा आकडा आठ आहे म्हणून तुम्हाला झोप लागते."

मीच मंत्रालयात जाऊन कागद दिला. चार वर्षांतल्या जुन्या आकड्यांत रेघ खाली आणल्यावर त्रेचाळीस जण वर आले. त्रेचाळीस माणसांना मी निरोगी म्हणून घरी पाठवलं होतं. द्रिता आणि मी त्यांना फोन करतोय. काल एका धनगराच्या बायकोनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो गेल्या नाताळात गेला, ताई. तरी फोन केलात, बरं केलंत." मी फोन ठेवून संडासात जाऊन रडले.

मला कामावरून दूर केलं आहे. ही यादी संपेपर्यंत येऊ देतात. प्लेटला हात लावायचा नाही.

मावशी

*

स्कोप्ये, २७ मे २०१८

नेवेना,

काल पुन्हा मृतांचा शनिवार होता.

यादी संपली. शेवटच्या दिवशी द्रितानं फ्रीजर उघडून नि-४ बाहेर काढली. तळाशी एकाच खळगीपुरतं उरलं होतं. ती म्हणाली, "तुला हात लावायचा नाही ना, मी लावते. तू सांग कुठल्या ओळीत." मी म्हटलं, शेवटच्या. तिथे आम्ही रोग्यांची रक्तं ठेवतो. अर्ध्या तासानं ती खळगी पिवळी झाली आणि यावेळी आजूबाजूच्याही पिवळ्या होत्या. द्रितानं वहीत लिहिलं, पेत्काना, आजारी. तारीख घातली. साडेतीन वर्षांनी माझ्या बहिणीला आजारी म्हणवून घेता आलं.

रिकामी नळी मी नियमाप्रमाणे वाफेत उकळून घेतली आणि पर्समध्ये घालून गावी गेले. तुझे बाबा थडग्यापाशी आधीच बसले होते. त्यांनी शेळ्या सरकारी माणसांच्या हवाली केल्या, तुला कळलंच असेल. स्वतः पशुवैद्याला बोलावून आणलं. अंगण इतकं गप्प झालं आहे की कुत्राही भुंकत नाही. मी नळी दाखवली, कशाची ते सांगितलं. मला वाटलं ते उठून जातील किंवा मारतील.

त्यांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. मग म्हणाले, "म्हणजे थोडीशी तुझ्याकडे राहिली होती. मला सांगायचं तरी होतंस. मी आख्खी पुरली असं समजून बसलो होतो."

मग त्यांनी खिशातला चाकू काढला आणि क्रॉसखाली खड्डा केला. "शेळ्या मी आणल्या," ते म्हणाले, "रेघ तू ओढलीस. दोघांनी मिळून पुरू." आम्ही नळी पुरली, वर गहू ठेवले, आणि या वेळी त्यांनी बाटली पूर्ण ओतली.

परतताना बसथांब्यावर त्यांनी तुझा निरोप दिला. मला वाटलं होतं निरोप नसेलच. "तिला सांगा, ताप उतरला. हृदय ठीक आहे म्हणतात. माझं जुनं रक्त तिच्याकडे असेल ते फेकू देऊ नका, रोग्यांच्या ओळीत ठेवायला सांगा. आणि तिला सांगा, मी अजून तिच्याशी बोलत नाही."

मी म्हटलं, ठीक आहे. बसमध्ये बसल्यावर मी ते "अजून" मनात बितोलापर्यंत धरून ठेवलं.

तुझं रक्त द्रिता उद्या शेवटच्या ओळीत ठेवेल, तुझ्या आईच्या रिकाम्या जागेशेजारी. उत्तर देऊ नकोस. फक्त एक ऐक, हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाही, पाण्यात रंग बघणारी म्हणून सांगते. गोळ्या मध्येच सोडू नकोस. हा जंतू हाडांत लपून बसतो, महिनोन् महिने गप्प राहतो आणि माणसाला बरं वाटायला लागलं की परत येतो. ताप उतरला म्हणजे तो गेला असं नसतं.

मावशी